सात पेट्यांची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. लखनऊच्या पिपराघाटावर, गोमतीच्या काठी, एका पिंपळाच्या मुळाला बांधलेली. बाकीच्या होड्या आपली कहाणी सांगू लागल्या की कुठल्या तरी घनदाट जंगलापासून सुरुवात करतात. आम्ही साग होतो, आम्ही साल होतो, वारा आमच्याशी बोलायचा वगैरे. माझं तसं काही नाही. मी मुळात होडी म्हणून जन्मलेच नाही. आधी मी सात पेट्या होते.

लष्करातल्या माणसाची बदली झाली की त्याचं अख्खं बिऱ्हाड लाकडी पेट्यांत भरून मालगाडीनं जातं. हवालदार भास्कर मोहिते जबलपूरहून लखनऊला आले तेव्हा मी त्यांच्या सात पेट्या होते. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाच्या, साध्यासुध्या. अंगावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘हवा. भास्कर मोहिते, जबलपूर ते लखनऊ.’ माझ्या पोटात कढया, कळशा, देव्हारा आणि एक पाटा-वरवंटा होता. तो पाटा इतका जड की चारबाग स्टेशनावरच्या हमालानं पेटी उचलता उचलता विचारलं होतं, “क्या भाई साहब, इसमें पहाड़ लाए हैं?”

तो पाटा सरोजबाईंचा. सरोजबाई म्हणजे हवालदारसाहेबांच्या पत्नी, मालवणकडच्या. त्यांचे वडील खाडीकाठी होड्या बांधत. आणि हवालदारसाहेब कुठले? तर माण तालुक्यातले, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. पूल बांधणाऱ्या पलटणीत ते सुतार होते, हात सोन्याचा. पण पाण्यात उतरायचं म्हटलं की त्यांना काठावरचं काहीतरी काम आठवायचं. पोहण्याची परीक्षा ते पास झाले होते खरे, पण ती पाण्यापेक्षा सुभेदारांची भीती जास्त म्हणून. या दोघांचं लग्न कुणी जुळवलं ते गणपतीलाच ठाऊक. संसार मात्र छान चालला होता.

छावणीतल्या क्वार्टरमध्ये सामान लागलं, आम्ही पेट्या रिकाम्या झालो आणि मागच्या अंगणात एकावर एक रचून पडलो. सरोजबाई तिथं भांडी घासायला बसत. गप्प असायच्या. शेजारणी बोलायला येत, त्या हसून “हाँ जी, हाँ जी” म्हणत आणि पुन्हा गप्प. एका संध्याकाळी हवालदारसाहेबांनी विचारलंच, “बरं नाही का तुला?”

“मला काय धाड भरलीय?” सरोजबाई म्हणाल्या. “पण एवढी नदी हाकेच्या अंतरावर आहे आणि आपल्या दारात होडी नाही. माझ्या माहेरी असलं घर भिकेला लागलेलं समजतात.”

हवालदारसाहेबांनी डोकं खाजवलं. मग त्यांची नजर आमच्यावर पडली.

दोन महिने रविवार म्हणजे ठोकाठोकी. सरोजबाई सांगायच्या, हवालदारसाहेब करायचे, आणि पाच वर्षांची शर्वरी खिळे सांभाळायची. सरोजबाईंना हवी होती मालवणी होडी, निमुळत्या पोटाची. पण पेट्यांच्या फळ्या आखूड आणि सरळ. त्या वाकायला तयार होईनात. शेवटी माझा तळ झाला सपाट आणि दोन्ही टोकं वर उचललेली, तव्यावर पोळीच्या कडा उचलतात तशी. फळ्यांना इतके जोड द्यावे लागले की हवालदारसाहेब म्हणाले, “ही होडी नाही, लाकडाची गोधडी आहे.” फटींत कापूस ठासला, वर राळ ओतली. अंगावरची पांढरी अक्षरं मात्र सरोजबाईंनी पुसू दिली नाहीत. म्हणाल्या, “नाव असू दे. हरवली तर कुणीतरी आणून देईल.” फळ्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या, त्यामुळे एका कुशीवर ‘जबलपूर ते लखनऊ’ धड वाचता येत होतं आणि दुसऱ्या कुशीवर ‘हवा.’ उलटी टांगलेली होती.

आणि आता ऐका आमची पहिली फजिती.

कोकणात पावसाळाभर होड्या काठावर झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की तो शांत होतो आणि होड्या पाण्यात जातात. सरोजबाईंच्या हिशेबी यात शंकेला जागाच नव्हती. पौर्णिमेच्या सकाळी मला हातगाडीवर घालून सगळे निघाले. छावणीच्या शांत रस्त्यावर पहारेकऱ्यानं अडवलं, “ये क्या है?” हवालदारसाहेबांनी माझ्या कुशीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून सांगितलं, “घर का सामान है.” त्यानं वाचलं आणि सोडलं.

घाटावर जगदीश भेटला. त्याची स्वतःची नाव होती, माणसं पलीकडे नेण्याचा धंदा. त्यानं मला पाहिलं, मग फुगलेल्या नदीकडे पाहिलं.

“भाभीजी, आज मत उतारिए. नदी चढ़ी हुई है. दशहरे के बाद देखिएगा.”

“आज नारियल डालेंगे ना भैया,” सरोजबाईंनी त्याची समजूत घातली. “फिर शांत हो जाएगी.”

मालवणचा समुद्र ऑगस्टच्या शेवटी निवत असेल, पण गोमती त्याच सुमाराला भरात असते, हे सरोजबाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि नारळ घेऊन शांत व्हायचं असतं, हे गोमतीला कुणी सांगितलेलं नव्हतं. शर्वरीला जगदीशच्या खांद्यावर बसवून नवरा-बायको माझ्यात चढले. सरोजबाईंनी नारळ सोडला. नारळ सुसाट निघाला आणि त्याच्या मागोमाग मी. वल्ही कशाला होती, शोभेला! मी जात्यासारखी गरगर फिरत होते. हवालदारसाहेब दोन्ही कडा धरून, डोळे मिटून “जय शिवाजी, जय भवानी” म्हणत होते. शेवटी पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका पेरूच्या बागेत मी दोन झाडांच्या मध्ये जाऊन अडकले. नारळ पुढे गेला.

हवालदारसाहेबांनी भीत भीत डोळे उघडले. समोर सरोजबाई. पदर भिजलेला, केसांत पेरूची पानं, आणि त्या हसत होत्या. अशा हसत होत्या की त्यांना श्वास घेता येईना. लखनऊला आल्यापासूनचं ते पहिलं हसू. हवालदारसाहेब बघतच राहिले, मग तेही हसायला लागले. मी तर तेव्हाच ठरवून टाकलं की आपण या बाईंची होडी.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. थंडीतल्या रविवारी मला जगदीशच्या नावेमागे बांधून वर शहराकडे नेत आणि तिथून प्रवाहासोबत सोडून देत. मी आपली रमतगमत खाली येई. दोन्ही टोकं वर असल्यामुळे गाळात तोंड खुपसायचा प्रश्नच नव्हता. छावणीतली मराठी बिऱ्हाडं माझ्यात बसून शेंगदाण्याचे लाडू खात. गणपती विसर्जनाला मान माझाच असे. जगदीश मात्र माझी अक्षरं वाचून दर वेळी चिडवायचा, “हवालदार साहब, ये नाव है कि रेलगाड़ी?” हवालदारसाहेबही पुढे पुढे डोळे उघडे ठेवून बसायला लागले.

मग त्यांची बदली सीमेवर झाली. तिथं कुटुंब नेता येत नाही. सरोजबाई आणि शर्वरी लखनऊलाच राहिल्या आणि मी हातगाडीवर बसून मागच्या अंगणात परत आले.

पहिल्या वर्षी मला झाकलं. दुसऱ्या वर्षी झाकण उडालं. तिसऱ्या वर्षी सरोजबाई एकदा माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आली माझी आठवण! त्या आत गेल्या आणि घमेलंभर माती घेऊन आल्या. मित्रांनो, माझ्या पोटात मेथी लावली हो! मग कोथिंबीर. कोथिंबिरीची मला तक्रार नाही, ती सोशिक जात आहे. पण पुढे त्यांनी पुदिना लावला. पुदिन्यासारखा शत्रू नाही. त्याची मुळं माझ्या एकेका फटीत शिरली, जुना कापूस खाल्ला आणि राळ उचकटून टाकली. वर सगळी गल्ली म्हणे, “मोहिते भाभी के पुदीने का जवाब नहीं.” आमच्या जिवावर चटणी चालली होती.

राग मात्र आला नाही. नवरा दूर, मुलगी लहान, परका मुलुख. त्या माझ्यात पाणी घालायला रोज येत होत्या, तेवढं मला पुरत होतं.

सहाव्या वर्षी हवालदारसाहेब परत आले. सीमेवरच्या थंडीनं काळवंडलेले, पण ठणठणीत. सोबत बदलीचा हुकूम होता: पुणे. सहकुटुंब. घरात भर पावसाळ्यात दिवाळी झाली. शर्वरी आता तेरा वर्षांची होती. मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. ती सारखी विचारत होती, “पुणे में नदी है ना, पापा?”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारसाहेब करवत घेऊन मागच्या अंगणात आले.

“काय करताय?” सरोजबाईंनी दारातून विचारलं.

“पेट्या. सामान कशात नेणार? पेट्यांचीच झाली होती ना ही, होऊ देत परत पेट्या. नाहीतरी कुजलीय.”

सरोजबाई चिडल्या की त्यांची जीभ थेट मालवणात पोचायची. “माझ्या होडयेक हात लावल्यात तर बघा!” त्या ओरडल्या, आणि पुदिन्यासकट माझ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, पुण्याला नेता येणार आहे का ही? मागं सोडूनच जायचंय ना?”

“सोडून जाऊ. जगदीशला देऊ. होडी देतात, विकतात, एखाद्याची हरवतेसुद्धा. पण कुणी मोडत नाही. माझ्या बापानं आयुष्यात एक होडी मोडली नाही. मी तिकडं पुण्यात असेन, पण ही इथं पाण्यावर आहे एवढं मला माहीत पाहिजे. नाहीतर मला झोप लागायची नाही.”

हवालदारसाहेबांनी माझ्या तळाला अंगठा लावला. अंगठा आत गेला. त्यांनी तो बाहेर काढून बायकोला दाखवला.

“पौर्णिमेपर्यंत थांबा,” सरोजबाई म्हणाल्या. “मी नीट करते. नारळी पौर्णिमेला पाण्यात घालू. तरली तर ती जगदीशची. बुडाली तर तुमची. मग खुशाल करवत चालवा.”

“ठरलं?”

“ठरलं.”

हवालदारसाहेब मनातून हसले असावेत. मी मात्र मनातून रडतच होते. आपलं पोट आपल्याला कळतं ना!

सरोजबाईंनी पदर खोचला. पुदिना उपटला, माती काढली, खरवडून खरवडून माझं अंग उघडं केलं. तळाची एक मोठी फळी पार गेली होती. भर पावसाळ्यात कोरडी फळी आणायची कुठून? त्या घरात गेल्या आणि ज्या तख्तावर दोघं झोपत, त्याची मधली फळी काढून घेऊन आल्या. त्या दिवसापासून हवालदारसाहेब रात्री कूस बदलताना फटीत अडकायला लागले. फटींत भरायला कापूस हवा होता. सरोजबाईंनी लखनऊची जाड रजई उसवली. “पुण्यात कुठं लागतेय रजई?” त्या म्हणाल्या. मग राळ वितळवायला मोठी कढई चुलीवर चढवली. त्या वासानं शेजारच्या गीता भाभी नाकाला पदर लावून विचारायला आल्या, “आज क्या पका रही हैं, बहनजी?”

हवालदारसाहेब हे सगळं खुर्चीत बसून बघत होते आणि चहा पीत होते. सरोजबाईंनी तख्ताची फळी ठोकायला घेतली. पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. सुतार माणूस ते, किती वेळ बघवणार?

“खिळा असा मारतात? बघू इकडं.”

“नको. तुम्ही विरुद्ध पार्टीचे.”

“पार्टी गेली खड्ड्यात. लाकूड फाटेल ना!”

हातोडा त्यांच्या हातात गेला तो परत आला नाही. सकाळी परेड, दुपारी मी. मोडायच्या होडीला ते पॉलिशपेपर मारत होते, आतल्या आडव्या फासळ्या बदलत होते, वल्ह्यांना नवे खुंट करत होते. शर्वरी म्हणाली, “पापा, आप तो हार जाओगे!” तेव्हा कुठं ते भानावर आले. “हरतोय कुठला? बुडणारच ती,” असं म्हणून त्यांनी आणखी एक खिळा मारला, अगदी सरळ.

पौर्णिमा आली. शर्वरीनं जगदीशला राखी बांधली. नदी यंदाही फुगलेलीच होती, पण सरोजबाई आता लखनऊच्या झाल्या होत्या. मला लांब दोर लावला होता आणि दोराचं दुसरं टोक पिंपळाला बांधलं होतं. नारळ सोडला. मग सगळ्यांनी मिळून मला पाण्यात ढकललं.

काय सांगू मित्रांनो! एका फटीतून पाणी आलं, दुसरीतून आलं, मग सगळ्या फटींनी एकदम तोंडं उघडली. सहा वर्षं नदीबाहेर राहून आक्रसलेलं लाकूड ते. बघता बघता मी कडेपर्यंत भरले. मी हवालदारसाहेबांकडे पाहिलं. जिंकलेला माणूस असा दिसत नसतो. त्यांची मान खाली गेली होती.

“बुडाली,” ते हळूच म्हणाले.

“बुडू दे,” सरोजबाई म्हणाल्या. “अजून खाली घाला.”

“आई, पागल हो गई क्या?” शर्वरी रडवेली झाली.

“सुकी होडी आधी दोन दिवस पाण्याखाली ठेवावी लागते. लाकूड पाणी पितं, फुगतं, मग फळी फळीला धरते. बाबा तसंच करायचे.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “पण मला वाटलं होतं, राळ लावलीय, नवा कापूस आहे, नाही लागणार तेवढं. चुकलंच माझं. पौर्णिमेच्या आधीच भिजवायला हवी होती.”

तरीही त्यांनी मला खाली घातलंच. घरून काय आणलं असेल? तोच तो पाटा! जगदीशनं तो माझ्या पोटात ठेवला, वर दोन दगड ठेवले, आणि मी काठाजवळच्या पाण्यात गुडुप झाले.

ते दोन दिवस मी विसरणार नाही. चिडाचं लाकूड घोट घोट पाणी पीत होतं. रजईचा कापूस फुगला. तख्ताची फळी, तशी नवखी, आधी अंग चोरून होती; दुसऱ्या दिवशी शेजारच्या फळीला अशी चिकटली की जणू दोघी जबलपूरहूनच एकत्र आल्या. छोटे मासे येऊन माझी अक्षरं वाचून गेले. सुख होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वर करवत वाट बघत असेल, हे मला माहीत होतं. पैज ती पैज.

तिसऱ्या सकाळी सरोजबाई, शर्वरी आणि जगदीश आले. हवालदारसाहेब नव्हते. पाटा आणि दगड काढून मला पाण्यावर आणलं. शर्वरीनं डालड्याच्या डब्यानं पाणी उपसलं. मग तिघंही माझ्या तळाकडे टक लावून बसले. सरोजबाईंनी एकेका फटीवरून बोट फिरवलं.

“आई, सूखी है! बिल्कुल सूखी!” शर्वरी नाचायला लागली.

“सुकी आहे गं,” सरोजबाई म्हणाल्या. “पण पौर्णिमा गेली. हरले मी.” आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात घाटाच्या उतारावर हातगाडीचा खडखडाट झाला.

हवालदारसाहेब हातगाडी ढकलत येत होते. गाडीवर करवत होती. पण करवतीखाली फळ्या होत्या, रुंद, जुन्या, ओळखीच्या.

“अगोबाई! तख्त!” सरोजबाई किंचाळल्या. “हे काय केलंत?”

“वर्कशॉपला निघालोय पेट्या करायला. एक फळी तू नेलीस, उरलेल्या तख्ताच्या फटीत मी किती दिवस अडकू?”

“पण पेट्या हिच्या करायच्या ठरल्या होत्या. पैज तुम्ही जिंकलात.”

“जिंकलोच,” हवालदारसाहेब म्हणाले. “बुडाली तर माझी, असं ठरलं होतं ना? मग झाली माझी. माझ्या होडीचं काय करायचं ते मी ठरवणार. मी नाही मोडत.”

हवालदारसाहेब पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत, आपणहून. हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता, नव्या पेट्यांवर नाव घालायला आणलेला. त्यांनी ब्रश बुडवला, माझ्या कुशीवरचं ‘जबलपूर ते’ नीट खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘मुक्काम’.

मुक्काम लखनऊ.

तख्ताच्या चारच पेट्या झाल्या. उरलेलं सामान गोधड्यांत बांधून पुण्याला गेलं, आणि म्हणे मोहिते मंडळी तिकडं कित्येक महिने जमिनीवर झोपली. सरोजबाईंना झोप छान लागली असणार. पाटा मात्र त्यांनी नेला नाही. तो माझा नांगर आहे. जगदीश मला पावसाळ्यात बांधून ठेवतो आणि दसऱ्यानंतर पाण्यावर सोडतो. पण नारळी पौर्णिमेला तो न चुकता माझ्या टोकाशी उभा राहून गोमतीला नारळ देतो. त्याच्या वाडवडिलांनी कधी दिला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणतो, “भाभीजी का हुकुम है.”

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरामागंही काहीतरी सुकून, फटी पडून, पहिल्या पाण्यातच गळत असेल. करवत घेण्याआधी त्याला दोन दिवस पाणी पिऊ द्या. आणि तोवर त्यात काही लावायचंच असेल तर मेथी लावा, कोथिंबीर लावा. पुदिना तेवढा नको.